पॅसेजच्या दिव्यावरचं नेट

लालबाग, मुंबई
१२ नोव्हेंबर २०२४

चि. दर्शनास गुणामामाचा आशीर्वाद.

तुझं पार्सल मिळालं, टॅब आणि बाकी सगळं. ऋताने वर आणून दिलं. ऋता म्हणजे एकतीस नंबरच्या मालनवहिनींची सून. घरी बसून कंपनीचं काम करते. तिच्याच नेटवर आपली गाडी चालायची आहे, तिने आनंदाने हो म्हटलं. हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरने जिने बंद केल्याला वर्ष झालं. आता माझी मुंबई एकतीस नंबर ते अडतीस नंबर एवढीच उरली आहे.

तू पाठवलेली लांब वायर ऋताच्या घरातून गॅलरीने ओढून आणली. दोन्ही टोकांना चिमटे बसवलेले, कापून जोडायची नाही असं तू बजावलेलं, म्हणून होती तेवढीच वापरली. ती पस्तीस नंबरसमोरच्या खांबापर्यंत पुरली, माझ्या दारापर्यंत नाही. मग वाय-फायची पांढरी डबी त्या खांबावरच ठोकली. स्टुलावर चढलो हे ऋताला कळवू नकोस, ती मला कोंडून ठेवील. करंटची सोय मी केली आहे. चाळीस वर्षं वायरमन होतो, तेवढं मला सांगावं लागत नाही.

डबीच्या दोन काड्यांची टोकं बरोब्बर माझ्या दारावर रोखली आहेत. पूर्वी चाळीच्या गच्चीवर टीव्हीचे अँटेना वरळीच्या टॉवरकडे वळवायचो, तसंच. तरी चित्र नीट येत नाही. काल संध्याकाळी तुझं नाक दिसलं आणि तिथेच अडकलं. दहा मिनिटं मी भाचीच्या नाकाकडे बघत बसलो.

टॅबवर टाइप करायला मला सांगू नकोस. बोट एक आणि अक्षरं ढीगभर. शिवाय कागद उशाशी ठेवून दोनदा वाचता येतो. लिहिणं पत्रातूनच करू, टॅबवर मला फक्त चित्र दाखव. खरं म्हणजे मला अक्काचा हात बघायचा आहे. फोन आम्हा दोघांच्या काय कामाचा? माझे कान गिरणीत साच्यांच्या खडखडाटात राहिले आणि अर्धांगाने तिची वाचा नेली. पण तिचा उजवा हात चालतो असं तू लिहिलंस, आणि मला दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. ती वाइंडिंग खात्यात आणि मी मोटारी दुरुस्त करत हिंडणारा. त्या गोंगाटात तोंडाने बोलणं शक्यच नव्हतं. चौदा वर्षं आम्ही बहीणभाऊ हातांनी बोललो. तिच्याशी अजूनही बोलता येईल असा माणूस आता मी एकटाच उरलो असेन.

तेव्हा ते नाकाचं काहीतरी कर.

तुझा
गुणामामा


खालची वाडी, ता. मालवण
१९ नोव्हेंबर २०२४

ती. गुणामामांस दर्शनाचा सा. नमस्कार.

पत्र वाचून खूप दिवसांनी हसले. इथे हसायला दुसरं माणूस लागतं आणि ते नसतं.

मामा, काड्या वळवल्यात तिथेच घोटाळा झाला. टीव्हीचा अँटेना दिशा धरून चालायचा. या काड्या तशा नाहीत. एक मेदूवडा घ्या आणि त्याच्या भोकातून काडी घाला. वडा जिथे जिथे आहे, तिथे सिग्नल. काडीच्या चारही बाजूंना तो पसरतो, पण टोकाच्या नेमका समोर जवळजवळ काहीच नसतं. तुम्ही टोक स्वतःच्या दारावर रोखून भोक स्वतःच्या वाट्याला घेतलंत आणि वडा फुकटात गच्चीला आणि खालच्या मजल्यावरच्यांना दिलात. दोन्ही काड्या सरळ उभ्या करा, आकाशाकडे. मग वडा गॅलरीभर आडवा पसरेल आणि तुमच्या खोलीपर्यंत पोचेल. आणि दाराशेजारचं लोखंडी कपाट अजून तिथेच असेल तर टॅब त्याच्या आडोशाला ठेवू नका. लोखंडातून सिग्नल जात नाही.

माझ्याकडे वेगळाच प्रकार आहे. आमच्या वाडीला टॉवर एकच, तोही डोंगरापलीकडे. म्हणून मागच्या माडाला थाळीसारखा अँटेना बांधलाय. तो सगळं जोर लावून एकाच दिशेला बघतो, बाकी तीन दिशांना पाठ. कधी कधी वाटतं माझंही तसंच झालंय. मुंबईत बारा वर्षं लोकांची ऑफिसं जोडत फिरले, रोज पन्नास माणसं भेटायची. इथे दिवसभर आई आणि मी. दूधवाला गेला की माझ्या तोंडून शब्द निघतो तो दुसऱ्या दिवशीच.

आता महत्त्वाचं. आई सकाळी नऊ ते अकरा छान जागी असते. नजर साफ, हात चालू. दुपारनंतर गुंगी येते आणि संध्याकाळच्या गोळीनंतर ती झोपूनच असते. म्हणून आपण रोज सकाळी नऊला भेटायचं. तुमचं नाव घेतलं की ती हात वर करते. कसली खूण करते ते मला कळत नाही. ती तुमच्यासाठीच असणार.

नऊला वाट बघते.

तुमची
दर्शना


लालबाग
२६ नोव्हेंबर २०२४

चि. दर्शनास आशीर्वाद.

काड्या उभ्या केल्या. कपाट हलवणं माझ्याच्याने होत नाही, मीच खुर्ची घेऊन दारात बसलो. चित्र असं स्वच्छ आलं की तुझ्या स्वयंपाकघरातल्या बरण्या मोजता आल्या. मेदूवड्याचा मान राखला पाहिजे.

काल संध्याकाळी तू टॅब अक्काच्या खाटेपाशी नेलास. किती बारीक झाली ग. केस कापलेस ते बरं केलंस, पण मला आधी ओळखूच आली नाही. ती झोपेत होती आणि उजवा हात पांघरुणाबाहेर होता. मी त्या हाताकडे बघत राहिलो. जखमेची खूण अजून आहे अंगठ्यावर, मशीनच्या चातीने लागलेली.

तिला संध्याकाळी थोडं जागं ठेवता येणार नाही का? गोळी तासभर उशिरा दिलीस तर? सकाळी मला जमणार नाही. सकाळी माझी कामं असतात.

इकडे मसाला कुटणारे डंके जोरात चालू आहेत. मला आवाज येत नाही, पण भिंतीला हात लावला की कळतं. ऋताला सर्दी आहे.

गुणामामा


खालची वाडी
३ डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. नमस्कार.

गोळी उशिरा देता येत नाही. डॉक्टरांना विचारलं.

मामा, राग मानू नका, पण तुम्हाला सकाळी कसली कामं असतात? तुम्ही गॅलरीच्या बाहेर जात नाही. तुमचा डबा बारा वाजता येतो. मी तुमच्याच कडेवर वाढले आहे, तुमचा दिवस मला पाठ आहे.

आज धरून अशा अकरा सकाळी गेल्या. मी आईला नऊला उठवून बसवते, तोंड पुसते, केस विंचरते. उशी पाठीशी लावते आणि टॅब समोर ठेवते. ती तासभर त्या काळ्या काचेकडे बघते. मग मान वळवते. काल तिने मान वळवली आणि दिवसभर माझ्याकडेही पाहिलं नाही.

मी तिला मुंबईतून इकडे आणलं म्हणून तुम्ही नाराज आहात का? तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत. तिला गावच्या घरात मरायचं होतं, मामा, मला नव्हतं यायचं. नाराज असाल तर तसं लिहा. मला सोसवेल. पण तिला रोज ताटकळत ठेवू नका.

दर्शना


लालबाग
९ डिसेंबर २०२४

चि. दर्शनास,

नाराज नाही. तसं कधी मनातसुद्धा आणू नकोस.

सकाळी जमत नाही, एवढंच. काही गोष्टी लिहिण्यासारख्या नसतात. संध्याकाळी मी रोज बसतो. झोपलेली दाखवलीस तरी चालेल.

गुणामामा


खालची वाडी
२३ डिसेंबर २०२४

ती. मामांस,

तुम्हाला वीस दिवस लिहिलं नाही. आधी रागाने, मग वेळ नव्हता म्हणून.

सतरा तारखेला आईला दुसरा झटका आला. मालवणला नेलं, चार दिवस ठेवलं आणि घरी घेऊन जा म्हणाले. डॉक्टर भले आहेत, त्यांनी स्पष्ट सांगितलं. महिना म्हणजे खूप झालं. उजवा हात अजून चालतो, मनगटापासून पुढे. सकाळची ती दोन तासांची जागही अजून आहे.

ऋताच्या फोनवर कळवणार होते. पण तुमच्या बहिणीचं तुम्हाला दुसऱ्याच्या तोंडून कळू नये असं वाटलं.

आता मी सकाळी टॅब लावत नाही. तिला वाट बघायला लावणं बरं नाही. तुमच्यावर राग नाही, खरंच नाही. दमले आहे फक्त.

दर्शना


लालबाग
२७ डिसेंबर २०२४

चि. दर्शू,

पत्र आज आलं. हे लगेच लिहितोय, ऋता स्पीडपोस्टाने टाकील. खरं सांगतो, सगळं एकदाच सांगतो, मध्ये थांबलो तर पुन्हा लपवीन.

सकाळी माझ्याकडे नेट नसतं. ती पांढरी डबी मी पॅसेजच्या दिव्यावर जोडली आहे. खांबावर दिव्याचा होल्डर होता, त्यावर डबीबरोबर आलेला अडॅप्टर लावून करंट घेतला. पॅसेजचे दिवे चाळ कमिटीच्या टायमरवर आहेत. संध्याकाळी साडेसहाला लागतात, सकाळी साडेसहाला जातात. दिवा गेला की डबी जाते. तो टायमरही मीच बसवलेला, पंधरा वर्षांपूर्वी. आणि माझ्या खोलीतून खांबापर्यंत वायर आणता येत नाही, कारण खासगी लाइटची वायर गॅलरीतून न्यायची नाही हा कमिटीचा नियम. तोही मीच करायला लावलेला, एकदा शॉर्ट होऊन पडदे जळाले तेव्हा.

तुझ्या पार्सलात एक काळी डबी होती. तुझी चिठ्ठीही होती, की ही ऋताच्या राउटरपाशी प्लगला लावा, मग लांब वायरीतूनच करंट खांबापर्यंत जाईल. मी ती वाचली आणि डबी पत्र्याच्या डब्यात टाकली. शेवईएवढ्या तारेतून निरोपही जाणार आणि करंटही जाणार, हे मला पटेना. आम्ही घंटीची वायर आणि लाइटची वायर एका पाइपातून कधी नेली नाही. ऋताचा महागाचा संगणक जळला तर? हे झालं वायरमनचं कारण.

दुसरं कारण खरं आहे. ती डबी मालनवहिनींच्या घरातल्या प्लगवर चोवीस तास लागणार. म्हणजे त्यांच्याकडे जाऊन मागावं लागणार. नेटची वायर काय, ती ऋताच्या टेबलामागून निघाली. पण घरातला प्लग वहिनींचा.

दीड वर्षापूर्वी दुपारी त्यांचे यजमान घरात कोसळले. घरी त्या एकट्याच. मजल्यावर पुरुष माणूस मी एकटा होतो. त्यांनी सगळ्यांची दारं वाजवली असं मला नंतर कळलं. मी आत पेपर वाचत बसलो होतो, दर्शू. दार बंद करून. यजमान गेले. त्या दिवसापासून मी वहिनींच्या समोर गेलेलो नाही. त्या गॅलरीत आल्या की मी आत जातो. मला ऐकू येत नाही हे सगळ्या चाळीला माहीत आहे, पण ते दार मीच लावून घेतलं होतं. उघडं असतं तर धावपळ दिसली असती.

तू मला एवढंच कळव, ती काळी डबी लावली तर काही जळणार नाही ना. बाकीचं माझं मी बघतो. अक्काला उठवून बसव. मी येतोय म्हणून सांग.

गुणामामा


खालची वाडी
३१ डिसेंबर २०२४

ती. मामांस सा. नमस्कार.

आधी हे लिहिते की मी तुम्हाला काय काय बोलले ते सगळं परत घेते. मला अडॅप्टर पाठवायलाच नको होता. नुसती काळी डबी पाठवली असती तर तुम्हाला दुसरा रस्ताच राहिला नसता.

काही जळणार नाही. वायरमनला वायरमनसारखं सांगते. त्या वायरीत आठ तारा आहेत, दोन दोन पिळलेल्या, चार जोड्या. काळी डबी घरातल्या दोनशेतीसचं अठ्ठेचाळीस व्होल्ट डीसी करते. ते ती आंधळेपणाने सोडत नाही. आधी अगदी थोडा दाब देऊन चाचपते, पलीकडे घेणारं यंत्र आहे का. असेल तरच करंट देते. नसेल तर गप्प बसते. आणि निरोप बिघडत नाही, कारण करंटचा दाब जोडीतल्या दोन्ही तारांवर सारखाच चढतो. निरोप वाचला जातो तो दोन तारांमधल्या फरकावरून. दोन्ही बरोबर वर चढल्या तर फरक तेवढाच राहतो. शंभर मीटरपर्यंत हे बिनधास्त चालतं, तुमची वायर पस्तीस मीटर आहे.

डबीला दोन भोकं आहेत. एकावर डेटा लिहिलंय, एकावर पॉवर. राउटरकडून वीतभर वायर येईल ती डेटामध्ये. लांब वायर पॉवरमध्ये. खांबावरचा अडॅप्टर काढून टाका, दोन्हीकडून करंट नको. आणि स्टूल ऋताला धरायला सांगा.

मालनकाकूंचं मला काही सांगता येत नाही. मी असते तर तुमच्याबरोबर आले असते.

आईला सांगितलं. "मामा येतोय" म्हटलं तर तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, पण हात उचलला नाही. तिचा माझ्यावर विश्वास उरला नसेल. तरी परवापासून रोज नऊला बसवते.

तुमची
दर्शना


लालबाग
४ जानेवारी २०२५

चि. दर्शू,

आत्ता दुपारचे बारा वाजले आहेत. पॅसेजचा दिवा बंद आहे आणि पांढऱ्या डबीवरचा हिरवा ठिपका चालू आहे. हे आधी लिहितो.

काल तुझं पत्र आलं, पण काल गेलो नाही. आज सकाळी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि काळी डबी आणि लोकांनी लिहून दाखवायची पाटी घेऊन एकतीस नंबरच्या दारात उभा राहिलो. एवढ्यानेच धाप लागली. वहिनी लसूण सोलत होत्या. उठल्या आणि मला बसायला स्टूल दिलं. मी डबी पुढे केली, बहिणीचं सांगितलं, प्लग मागितला. मग माझ्याच्याने राहवलं नाही आणि ते दुपारचंही बोलून टाकलं. माझा आवाज किती मोठा झाला असेल मला माहीत नाही, पण ऋता आतून बाहेर आली.

वहिनींना लिहिता येत नाही. पण त्या हळू बोलल्या आणि मी ओठ वाचले.

"मी तुमचा दार वाजवूकच नाय," त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांची वाजवलंय. तुमका ऐकाक येत नाय ता माका म्हायत होता, म्हणान तुमचा सोडलंय. नुसता दार ढकलून आत येवन तुमका हलवूक व्हया होता. ता माका सुचला नाय. तुम्ही माझ्यार रागावलात, म्हणान माझ्या वाऱ्याक उभे रवत नाय, असा मी समाजलंय."

दीड वर्ष ग. सात खोल्यांचं अंतर. मी त्यांना तोंड दाखवायला लाजत होतो आणि त्या मला.

त्यांनी स्वतः मिक्सरची वायर काढली आणि तो प्लग मला दिला. वाटण म्हणे पाट्यावर वाटीन. ऋताने सांगितलं की दुसरा प्लग आहे, तेव्हा हसल्या. स्टूल दोघींनी धरलं. मी अडॅप्टर काढला, लांब वायर डबीत सारली आणि मनात म्हटलं, चाचप बाई. चार श्वास काहीच झालं नाही. मग हिरवा ठिपका आला.

हे पत्र तुला मिळेल तोवर आपली भेट झालेली असेल. उद्या नऊला बसतोय. आठलाच बसेन.

गुणामामा


खालची वाडी
२४ जानेवारी २०२५

ती. मामांस सा. नमस्कार.

तेरा तारखेला सकाळी मी टॅबसमोर कागद धरला, "आई गेली" एवढंच लिहिलेला, आणि तुम्ही तो वाचल्यावर टॅब बंद केला. तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं नाही. माझ्यात बघायची ताकद नव्हती. त्यानंतर टॅब लावलाच नाही. दिवसकार्य झालं, माणसं आली आणि गेली. कालपासून घरात मी एकटी आहे. आजही नऊला आपोआप उठून कंगवा घेतला हातात.

तुमचे ते पाच दिवस मी विसरणार नाही. पाच तारखेला तुम्ही दिसलात आणि आईने आधी डोळे मिटून घेतले. मग हात उचलला. तुम्ही दोघं काय बोललात मला एक अक्षर कळलं नाही. बोटं नाचत होती, मध्येच तुम्ही हसत होता. तिचं तोंड वाकडं झालं होतं, तरी ती हसतेय हे मला कळलं. इतके महिने मी तिला भात भरवला, पुसलं, उचललं, आणि ती तुमच्याशी एका तासात जेवढं बोलली तेवढं माझ्याशी बोलू शकली नाही. थोडा मत्सर वाटला, खोटं कशाला सांगू.

पण एक गोष्ट मला खाते आहे. नऊ तारखेला, शेवटच्या दिवशी, तिने दोन बोटं डोळ्याखाली लावली आणि मग माझ्याकडे हात उघडून दाखवला. पुन्हा डोळा, पुन्हा मी. मला वाटलं डोळा दुखतोय आणि माझ्याकडे औषध मागतेय. मी धावत थेंब आणले आणि डोळ्यात घातले. तिने मान हलवली आणि पुन्हा तेच केलं. आणि तिकडे तुम्ही छातीवर मूठ आपटलीत, दोनदा. म्हटलं, तुमचं ऑपरेशन झालेलं हृदय. कागदावर "दुखतंय का?" लिहून धरलं तर तुम्ही नाही म्हणालात आणि तोंड फिरवलंत. तिने हात खाली ठेवला. त्यानंतर तो हात तिने पुन्हा उचललाच नाही. चार दिवसांनी गेली.

मामा, तिला काय हवं होतं? शेवटचं काहीतरी मागत होती आणि मी डोळ्यात थेंब घालत बसले.

दर्शना


लालबाग
२९ जानेवारी २०२५

चि. दर्शू,

थेंब घातलेस त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. तिने तिकडून मला खूण केली होती, "पोर येडी आहे." तेवढ्यासाठीच मी तोंड फिरवलं. हसू आलं होतं आणि रडूही आलं होतं, आणि दोन्ही तुला दाखवायचं नव्हतं.

ती काही मागत नव्हती तुझ्याकडे. ती माझ्याशी बोलत होती.

वाइंडिंग खात्यात पाणी प्यायला जायचं तरी मशीन सोडून जाता यायचं नाही. धागा तुटला की सगळा माल बिघडायचा. मग शेजारी कोण असेल त्याला खूण करायची. दोन बोटं डोळ्याखाली, आणि मग आपल्या मशीनकडे उघडा हात. मी जाऊन येते, तोवर हिच्यावर नजर ठेव. अक्काने मला ती खूण हजारदा केली असेल. मी तिथेच मोटारीचं झाकण उघडून बसलेलो असायचो. आणि ज्याने जबाबदारी घेतली त्याने छातीवर दोनदा मूठ आपटायची. त्याशिवाय कुणी जागचं हलत नसे, कारण मान डोलावणं त्या खात्यात कुणी धरत नसे.

नऊ तारखेला तिने डोळ्याखाली बोटं लावली आणि हात तुझ्याकडे केला. तुझ्याकडे, दर्शू. मी मुद्दाम लगेच उत्तर दिलं नाही. मला वाटलं, मी हो म्हटलं की ही जाईल. म्हणून तिला दोनदा, तीनदा करायला लावलं. पण तिचा हात दमून खाली यायला लागला, ते मला बघवेना. मग आपटली मूठ.

तेव्हाच तुला सांगितलं नाही, कारण तू तिच्या उशाशी उभी होतीस आणि हातात थेंबांची बाटली होती. तुला तेव्हा काय सांगणार होतो?

मी रोज नऊला बसतो. तेरा तारखेपासून एकही दिवस चुकवलेला नाही. मालनवहिनी चहा आणून ठेवतात आणि त्याही थोडा वेळ त्या काळ्या काचेकडे बघतात. तुझी आई अकरा दिवस बघत होती ना, आता माझी पाळी. तुला वाटतं तुझ्याकडे बोलायला काही नाही. नसू दे. मला तसंही ऐकू येत नाही.

तू उद्यापासून टॅब लाव आणि ओट्यावर टेकवून ठेव. भांडी घास, केर काढ, माझ्याकडे पाठ केलीस तरी चालेल. मी मूठ आपटून बसलोय, मला नजर ठेवायची आहे.

तुझा
गुणामामा